इतिहासाच्या शिक्षकाला नागरिकशास्त्र कोण शिकवतं? (देशोदेशीचं शिक्षक-प्रशिक्षण)

पाठटाचण

मी अध्यापक महाविद्यालयात इतिहास पद्धती शिकवते. इतर देशांत इतिहास आणि नागरिकशास्त्राचे शिक्षक कसे तयार होतात, यावर सध्या वाचन चालू आहे. इथे बाहेर शिकलेली, शिकवणारी बरीच मंडळी आहेत, त्यांनी भर घालावी म्हणून हा धागा.

तुलना करायला बसलं की सगळे आधी वर्षं मोजतात. फिनलंडमध्ये पाच वर्षांची मास्टर्स. जर्मनीत विद्यापीठात साधारण पाच वर्षं आणि वर दीड-दोन वर्षांची उमेदवारी. इंग्लंडमध्ये पदवीनंतर एक वर्ष. मग निष्कर्ष ठरलेला, जितकी वर्षं जास्त तितका शिक्षक पक्का. मला ही मोजणी वरवरची वाटते, कारण त्या वर्षांत नागरिकशास्त्राच्या वाट्याला काय आलं हे तिच्यातून कळत नाही.

बहुतेक देशांत चित्र असं दिसतं: इतिहासाच्या शिक्षकामागे एक भक्कम विद्याशाखा उभी असते. साधनं कशी वाचायची, पुरावा कसा तपासायचा, कार्यकारणभाव कसा मांडायचा हे त्याला कोणीतरी शिकवलेलं असतं. नागरिकशास्त्र मात्र त्याच शिक्षकाच्या गळ्यात पडतं, बहुतेकदा वेळापत्रकात दोन तासिका उरल्या म्हणून. संसद, न्यायव्यवस्था, अर्थसंकल्प, कायदा यांचं त्याचं शिक्षण बारावीला थांबलेलं असू शकतं.

फिनलंड याला बऱ्यापैकी अपवाद. तिथे विषयशिक्षकाच्या 300 क्रेडिटच्या शिक्षणात 60 क्रेडिट अध्यापनशास्त्राचे असतात आणि सराव विद्यापीठाला जोडलेल्या सराव शाळांमध्ये होतो. इतिहास आणि समाजशिक्षण हे दोन वेगळे विषय आहेत, पण शिक्षक सहसा एकच असतो. मात्र दुसरा विषय शिकवायची पात्रता मिळवायला त्या विषयाचेही 60 क्रेडिट करावे लागतात. म्हणजे राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा यांतलं काहीतरी विद्यापीठात बसून शिकल्याशिवाय समाजशिक्षणाचा तास मिळत नाही. 2016 पासून तिथे हा विषय चौथी ते सहावीतही आला. त्या वर्गांना वर्गशिक्षकच शिकवतात, त्यामुळे वरच्या वर्गांची ही अट तिथे लागत नाही.

मला खरं तर दुसरंच विचारायचं आहे. वर्गात मुलाने आजच्या राजकारणावरचा किंवा जुन्या जखमेवरचा प्रश्न विचारला, तर शिक्षकाने काय करावं हे प्रशिक्षणात कुठे शिकवतात का? शिकवत असतील तर नेमकं काय?

अवांतरवाला

शिकवतात की. "हा प्रश्न परीक्षेला येत नाही, खाली बस." सर्व देशांत समान अभ्यासक्रम. (हलके घ्या.)

हिवाळी

जर्मनीत इतिहास आणि इंग्रजी असे दोन विषय घेऊन शिक्षिका झाले, त्यामुळे तिथलं सांगू शकते. शिक्षण हा राज्यांचा विषय असल्याने प्रत्येक राज्यात तपशील बदलतो. नागरिकशास्त्राचं नावसुद्धा राज्यागणिक वेगळं, कुठे पोलिटीक, कुठे गेमाइनशाफ्ट्सकुंडं.

विद्यापीठात दोन विषय आणि त्या दोन्हींचं स्वतंत्र अध्यापनशास्त्र शिकायचं. इतिहासाचं अध्यापनशास्त्र ही तिथे स्वतःची प्राध्यापकपदं आणि संशोधन असलेली विद्याशाखा आहे. अनेक ठिकाणी इतिहासासाठी लॅटिनची अटही असते, तिच्या नावाने बोटं मोडत पिढ्या गेल्या. त्यानंतर रेफरेंडारियाट, म्हणजे पगारी उमेदवारी. आठवड्यातले काही दिवस शाळेत, उरलेला वेळ सेमिनारमध्ये. शेवटी परीक्षा-पाठ आणि दुसरी राज्य परीक्षा.

परीक्षा-पाठ कसा असतो ते सांगते. समजा विषय आहे 17 जून 1953 चा पूर्व जर्मनीतला उठाव. सुरुवातीला रणगाड्यांचं एक छायाचित्र, शीर्षक झाकलेलं. मुलं काय दिसतं ते सांगतात. मग दोन गटांना दोन साधनं: पूर्वेच्या सत्ताधारी पक्षाच्या वृत्तपत्रातला मजकूर, ज्यात हा सगळा फॅसिस्टांचा कट ठरवलेला, आणि पश्चिम बर्लिनच्या रेडिओवरची बातमी. कोण बोलतंय, कोणासाठी, काय गाळतंय, हे मुलांनी काढायचं. मागच्या बाकावर परीक्षक मंडळी, त्यांच्या हातात तुमचं कित्येक पानी टाचण. तास संपला की आधी तुम्हीच बोलायचं: काय ठरवलं होतं, कुठे बिनसलं, का बिनसलं. परीक्षक नंतर. तुमचा पाठ फसला तरी तो का फसला हे तुम्हाला कळलं असेल तर वाचता. आणि छान झाला पण का छान झाला ते सांगता आलं नाही तर प्रश्नांची सरबत्ती.

आता तुमचा प्रश्न. जर्मनीत राजकीय शिक्षण शिकलेल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा, "बॉयटेल्सबाख" असं उत्तर येईल. हे बाडेन-व्युर्टेंबर्गमधलं एक गाव. 1976 साली तिथे डाव्या आणि उजव्या विचारांचे राजकीय शिक्षणतज्ज्ञ भांडत बसले होते. त्या चर्चेतून हान्स-गेओर्ग वेलिंग यांनी तीन मुद्दे टिपले. एक, विद्यार्थ्याला भारावून किंवा दडपून आपल्या मताकडे ओढायचं नाही. दोन, जे विद्वानांत आणि राजकारणात वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं. तीन, विद्यार्थ्याला राजकीय परिस्थितीत स्वतःचं हित कशात आहे ते ओळखता आणि त्यासाठी बोलता आलं पाहिजे. यावर ना मतदान झालं, ना कोणी सही केली. कायद्याचं बळही नाही. तरी पन्नास वर्षं सगळं यावर उभं आहे.

खडूफळा

हिवाळी, वाचायला सुंदर. पण माझा अनुभव सांगतो की कागदावरची तत्त्वं आणि चाळीस-पन्नास पोरांचा वर्ग यांत फार अंतर असतं. भारतातलं बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालं, आंतरवासिता (शाळेत राहून करायचा सराव) वाढली. सूक्ष्म अध्यापन, म्हणजे एकेका कौशल्याचा छोटा सराव पाठ, आपण अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून उचललं, तिथे ते 1963 मध्ये सुरू झालं होतं. फलक लेखन, उद्दीपन बदल, प्रबलन (उत्तराला दाद देणं), प्रश्न विचारण्याचं कौशल्य, प्रत्येकाचे सहा-सहा मिनिटांचे पाठ. प्रश्न झेलण्याचं कौशल्य या यादीत मी तरी पाहिलेलं नाही. आणि सराव पाठांत वर्गात बसलेले आपलेच सहाध्यायी "विद्यार्थी" होऊन शहाण्यासारखी उत्तरं देतात, त्यांच्याकडून अडचणीचा प्रश्न कुठून येणार?

दुसरं, तटस्थ राहा म्हणणं सोपं आहे. मूल सरळ विचारतं, "सर, तुम्ही कोणाला मत दिलं?" याला बॉयटेल्सबाखचं उत्तर काय?

हिवाळी

बॉयटेल्सबाख तटस्थ राहा म्हणतच नाही, आणि हाच तिथला सगळ्यात मोठा गैरसमज आहे. 2018 मध्ये हॅम्बर्गमध्ये एएफडी या कडव्या उजव्या पक्षाने एक संकेतस्थळ काढलं, शिक्षक वर्गात पक्षाविरुद्ध बोलले तर विद्यार्थी-पालकांनी तिथे तक्रार करायची. आधार काय, तर तटस्थता. त्यावर खूप वाद झाला आणि अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा सांगितलं की शिक्षक संविधानाला बांधलेला आहे. मानवी प्रतिष्ठेवरच्या हल्ल्याला "ही एक बाजू, ती एक बाजू" अशी वागणूक देणं त्याच्यावर बंधनकारक नाही. मत सांगायलाही बंदी नाही. ते विद्यार्थ्यांवर लादू नये आणि त्याला विरोध करणाऱ्या मुलाला गुणांत फटका बसू नये, इतकंच.

आमच्या सेमिनारमध्ये या प्रश्नावर दोन तट होते. काही जण म्हणायचे, मत सांगावं, पण शेवटी, आणि कारणांसकट. काही म्हणायचे, मतदान गुप्त असतं हेच त्या दिवशीचं नागरिकशास्त्र. मी दुसऱ्या तटात.

निळी_शाई

वाचतेय. इंग्लंडमधून पीजीसीई (इतिहास), म्हणजे पदवीनंतरचा एका वर्षाचा शिक्षक-अभ्यासक्रम, केलाय म्हणून लिहिते.

एका वर्षाचा कोर्स म्हणून लोक नाक मुरडतात, पण त्यातले किमान 120 दिवस शाळेतच जातात. दोन वेगवेगळ्या शाळा, प्रत्येक ठिकाणी मेंटर. विद्यापीठाचे दिवस थोडे, पण इतिहासाच्या बाबतीत घट्ट. सगळा भर एका गोष्टीवर: चार-पाच तासांची मालिका एकाच चौकशीच्या प्रश्नाभोवती बांधायची. "नॉर्मन विजय" हा घटक झाला, प्रश्न नव्हे. "1066 नंतर इंग्लंडमध्ये किती बदललं?" हा प्रश्न झाला, पण ढोबळ. "नॉर्मनांनी गावातल्या शेतकऱ्याचं आयुष्य किती बदललं आणि किती तसंच राहिलं?" इथवर आलात की मेंटर मान डोलावतो. प्रश्न बदलला की साधनं बदलतात, तास बदलतो, मुलांनी शेवटी लिहायचा निबंध बदलतो. मी एकेका प्रश्नावर संध्याकाळी घालवल्यात. ही परंपरा 1972 च्या शालेय इतिहास प्रकल्पापासूनची. बदल, सातत्य, कारण, परिणाम, पुरावा या संकल्पना शिकवायच्या, नुसत्या घटना नव्हेत, हा विचार तिथून आला.

आणि सिटिझनशिप, म्हणजे तिथलं नागरिकशास्त्र? त्यावरचा राज्यशास्त्रज्ञ बर्नार्ड क्रिक यांचा अहवाल 1998 चा, 2002 पासून 11 ते 16 वयोगटाला विषय सक्तीचा. त्याचे वेगळे पीजीसीई निघाले. पण जागा मोजक्या, शाळांत त्या शिक्षकाला पूर्ण वेळ काम नाही. मग तास कोणाकडे, तर वर्गशिक्षकाकडे, हजेरी घेतल्यानंतरच्या वेळात, किंवा वर्षातून एखादा दिवस सगळे तास रद्द करून "सिटिझनशिप डे". अकादमी शाळांना (सरकारी पैशावर, पण स्वायत्तपणे चालणाऱ्या) तर राष्ट्रीय अभ्यासक्रम बंधनकारकच नाही. 2018 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने या विषयाच्या पडझडीवर कोरडे ओढले. त्यामुळे पाठटाचण म्हणतात ते शंभर टक्के खरं: मला इतिहासाचं एक वाक्य घासायला शिकवलं, आणि सिटिझनशिपची एक फाइल हातात दिली.

खडूफळांच्या प्रश्नाचं इंग्लंडमधलं उत्तर कायद्यात आहे. 1996 च्या शिक्षण कायद्यात कलम 406 पक्षपाती राजकीय मतांचा प्रचार करायला मनाई करतं आणि कलम 407 म्हणतं की राजकीय मुद्दा आला तर विरोधी बाजू संतुलितपणे मांडा. 2022 मध्ये सरकारने त्यावर मार्गदर्शिकाही काढली. परिणाम असा की नवा शिक्षक घाबरून विषयच टाळतो.

तळटीप

फ्रान्सचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी. तिथला घाट पूर्ण वेगळा आहे, कारण तिथे प्रशिक्षणापेक्षा स्पर्धा परीक्षा मोठी. माध्यमिक शाळेत शिक्षक व्हायचं तर कापेस ही स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण व्हायचं, वरची पायरी आग्रेगासियों. पहिलं वैशिष्ट्य म्हणजे विषय "इतिहास-भूगोल" असा जोडीने येतो. परीक्षार्थी बहुतेक इतिहासाचे पदवीधर, त्यामुळे भूगोलाच्या पेपरला घाम फुटतो. शिकवण्याचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांची नावं दर काही वर्षांनी बदलतात: आधी आययूएफएम, 2013 पासून एस्पे, 2019 पासून इन्स्पे. पाट्या रंगवणाऱ्याची चैन.

नागरिकशास्त्राला तिथे 2015 पासून "नैतिक आणि नागरी शिक्षण" म्हणतात. ते शिकवतो अर्थात इतिहास-भूगोलाचाच शिक्षक. माध्यमिकच्या खालच्या वर्गांत आठवड्याला अर्धा तास, वरच्या वर्गांत वर्षाला 18 तास. इतिहासाचा अभ्यासक्रम मागे पडला की हा अर्धा तास कुठे जातो हे सांगायला नको.

पण हाच अर्धा तास एका शिक्षकाच्या जिवावर बेतला. सामुएल पाती हे इतिहास-भूगोलाचे शिक्षक. त्यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या नागरी शिक्षणाच्या तासाला प्रेषित मुहम्मदांवरची व्यंगचित्रं दाखवली, त्यावरून समाजमाध्यमांत त्यांच्याविरुद्ध मोहीम चालली आणि 16 ऑक्टोबर 2020 ला शाळेजवळ त्यांची हत्या झाली. त्यानंतर सरकारने सगळ्या शाळा-कर्मचाऱ्यांना धर्मनिरपेक्षतेचं प्रशिक्षण द्यायची चार वर्षांची योजना आखली.

माझं मत विचाराल तर त्या योजनेत एक गोष्ट खटकते. प्रजासत्ताकाची मूल्यं शिक्षकाला शिकवणं आणि चिडलेल्या पालकाचा फोन आल्यावर मुख्याध्यापकाने, खात्याने, पोलिसांनी काय करायचं हे ठरवणं, ही दोन वेगळी कामं. पातींच्या बाबतीत दुसरं अपुरं पडलं होतं. उपाय मात्र बराचसा पहिल्याचा झाला.

अवांतरवाला

तळटीप, शेवटच्या परिच्छेदाला +१. एरवी मी गंमत करतो, पण हे महत्त्वाचं आहे. शिक्षकाला "धैर्य" शिकवायचं आणि मागे कोणी उभं राहायचं नाही.

कोरा_कागद

अमेरिका. इथे "इतिहासाचा शिक्षक" असा परवाना बऱ्याच राज्यांत नसतोच, असतो "सोशल स्टडीज"चा. प्रॅक्सिस नावाची परीक्षा अनेक राज्यं वापरतात. तिच्या एकाच पेपरात अमेरिकेचा इतिहास, जगाचा इतिहास, शासनव्यवस्था, भूगोल, अर्थशास्त्र आणि वर थोडं मानसशास्त्र-समाजशास्त्र. पास झालात की यातलं काहीही शिकवायला तुम्ही पात्र. म्हणजे इतिहासवाल्याला अर्थशास्त्राचा तास, आणि अर्थशास्त्रवाल्याला यादवी युद्ध. शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाला उरलेल्या वेळात सोशल स्टडीज द्यायचं, हा तर राष्ट्रीय विनोद.

प्रशिक्षणाचं बोलायचं तर एकच एक पद्धत नाही. पदवीसोबतचा कार्यक्रम, पदवीनंतरची मास्टर्स, थेट नोकरीत घुसवणारे पर्यायी मार्ग, सगळं आहे. मधली काही वर्षं एडटीपीए नावाचं मूल्यमापन गाजलं: आपल्या तासाचा व्हिडिओ, विद्यार्थ्यांच्या वह्यांचे नमुने आणि त्यावर लांबलचक विश्लेषण पाठवायचं. खर्च आणि वैताग यामुळे जॉर्जिया, न्यू यॉर्कसारख्या राज्यांनी ते सोडलं. मला स्वतःला त्यातला वह्यांचा भाग उपयोगी वाटला होता. तीन मुलांची उत्तरं घ्यायची आणि प्रत्येकाचा गैरसमज नेमका कुठे आहे ते लिहायचं. असं काम माझ्याकडून दुसऱ्या कोणी करून घेतलं नाही.

नागरिकशास्त्रावर आता पैसा येतोय, पण अटी लावून. फ्लोरिडा राज्याने 50 तासांचा नागरिकशास्त्राचा कोर्स काढला आणि तो पूर्ण करणाऱ्या शिक्षकाला 3,000 डॉलर दिले. शिक्षकांना नागरिकशास्त्रासाठी पैसे मिळतात हे चांगलंच. मात्र आशयाबद्दल तक्रारी झाल्या, देशाच्या संस्थापकांची धार्मिक बाजू एकाच अंगाने मांडली म्हणून. त्याच सुमारास, 2021 पासून, बऱ्याच राज्यांनी वंश आणि वर्णभेदाबद्दल वर्गात काय बोलता येणार नाही याचे कायदे केले. म्हणजे एका हाताने कोर्स आणि दुसऱ्या हाताने कुलूप.

पूर्वरंग

जपानबद्दल थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

तिथे 1947 पासून सामाजिक शास्त्र हा एकत्र विषय होता. 1989 च्या बदलात उच्च माध्यमिकसाठी त्याचे दोन तुकडे झाले, "भूगोल-इतिहास" आणि "नागरिकशास्त्र", आणि शिक्षकाची प्रमाणपत्रंही वेगळी झाली. कनिष्ठ माध्यमिकला मात्र एकच "सामाजिक शास्त्र". म्हणजे या धाग्यातला मूळ मुद्दा, नागरिकशास्त्राला स्वतःचा शिक्षक असावा, तो कागदावर तरी जपानने सोडवला. प्रत्यक्षात अनेक जण दोन्ही प्रमाणपत्रं घेतात, कारण त्याशिवाय नोकरीच्या जाहिरातींत निभाव लागत नाही.

प्रमाणपत्र मिळवणं तुलनेने सोपं. बहुतेक विद्यापीठांत त्याचे कोर्स असतात. सराव मात्र अगदी तुटपुंजा, उच्च माध्यमिकसाठी सुमारे दोन आठवडे. कनिष्ठ माध्यमिकच्या प्रमाणपत्राला वर आणखी सात दिवस वृद्धाश्रम किंवा विशेष शाळा अशा ठिकाणी सेवा करावी लागते, ही अट मला फार आवडली. खरी चाळणी पुढे, प्रांताच्या शिक्षण मंडळाच्या भरती परीक्षेत. आणि खरं शिक्षण त्याहूनही पुढे, नोकरी लागल्यावर. पहिल्या वर्षाचं प्रशिक्षण कायद्याने सक्तीचं आहे आणि शाळेत "पाठ-अभ्यास" चालतो: एक शिक्षक खुला तास घेतो, बाकीचे वर्गाच्या कडेने उभे राहून मुलांकडे बघतात. मुलांकडे, शिक्षकाकडे नव्हे. नंतरच्या चर्चेत "तिसऱ्या रांगेतल्या मुलीने खोडून काय लिहिलं" इथवर बोलतात. फळ्यावर डावीकडून उजवीकडे अख्खा तास कसा मांडला जाईल, याचा आराखडा आधी कागदावर काढलेला असतो.

आता गरम प्रश्नांचं. जपानच्या मूलभूत शिक्षण कायद्याचं कलम 14 एकाच दमात दोन गोष्टी सांगतं: राजकीय समज देण्याला शिक्षणात मान हवा, आणि शाळेने कोणत्याही पक्षाच्या बाजूने वा विरुद्ध शिकवायचं नाही. शिक्षक व्यवहारात दुसरं वाक्य पाळतात. 2016 मध्ये मतदानाचं वय 18 झालं तेव्हा सरकार धावपळ करू लागलं. निवडणूक आयोगाच्या खऱ्या मतपेट्या शाळांत नेऊन अभिरूप मतदान झालं. 2022 पासून "कोक्यो" हा सार्वजनिक जीवनावरचा सक्तीचा विषयही आला. तरी शिक्षकाने वैयक्तिक मत मांडणं टाळावं, ही सूचना कायम. आणि जिथे पाठ्यपुस्तकातल्या मजकुरावरून इएनागा साबुरो या इतिहासकाराला 1965 पासून 1997 पर्यंत सरकारशी खटले लढावे लागले, तिथे नवा शिक्षक जपूनच बोलणार.

पाठटाचण

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. एक गोष्ट लक्षात येते. निळी_शाई आणि पूर्वरंग यांनी सांगितलेल्या दोन्ही व्यवस्था इतिहासाच्या कारागिरीत उत्तम आहेत आणि दोन्हीकडे कायदा शिक्षकाला गप्प बसवतो. जर्मनीत कायदा नाही, फक्त एक टिपण आहे, आणि बोलण्याची मुभा जास्त. मला याचं कारण प्रशिक्षणात दिसतं. कायद्याची भीती कोर्सच्या शेवटी एका व्याख्यानात घातली जाते. बॉयटेल्सबाख मात्र परीक्षकांसमोर प्रत्येक पाठात वापरून दाखवावं लागतं. हिवाळी, बरोबर आहे का?

हिवाळी

बरंचसं. फक्त हे पोलिटीकच्या उमेदवारांना जास्त लागू. आणि गिमनाझियम (विद्यापीठाकडे नेणारी माध्यमिक शाळा) सोडून इतर शाळांत पोलिटीक बरेचदा तो विषय न शिकलेले शिक्षकच घेतात, तिथे कसलं बॉयटेल्सबाख. तुमचा पोरका विषय जर्मनीतही पोरकाच आहे, फक्त जरा चांगल्या घरात.

तळटीप

ज्या समाजांत जखम ताजी आहे तिथली उदाहरणं राहिली.

उत्तर आयर्लंड. बेलफास्टमध्ये दोन अध्यापक महाविद्यालयं, सेंट मेरीज कॅथलिकांचं, स्ट्रॅनमिलिसमध्ये बहुतेक प्रॉटेस्टंट. नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला तिथे 1976 पासून बंदी, पण शिक्षकभरतीला त्या कायद्यातून सूट होती. ती सूट काढणारा कायदा 2022 मध्ये झाला आणि 2024 मध्ये लागू झाला. इतिहासाचे शिक्षक मात्र बरेचसे क्वीन्स आणि अल्स्टर विद्यापीठांच्या पीजीसीईतून येतात आणि तिथे दोन्ही बाजूंचे एकत्र बसतात. ॲलिसन किट्सन आणि ॲलन मॅककली यांनी 2005 मध्ये तिथल्या शिक्षकांचे तीन प्रकार मांडले. टाळणारे: इतिहास इतिहासासाठी शिकवायचा, वर्तमानाशी जोडायचा नाही. आवर घालणारे: वादाचा विषय घेतात, पण साधनं-पुराव्यांच्या चौकटीत ठेवतात, किंवा घरापासून लांबचं उदाहरण निवडतात. आणि धोका पत्करणारे: मुलाच्या मनात घरून आलेली गोष्ट मुद्दाम टेबलावर ठेवतात. कुठल्याही देशाच्या प्रशिक्षणाला हे तीन प्रकार लावून बघा.

रवांडात 1994 च्या वंशसंहारानंतर शाळांतून इतिहास शिकवणंच कित्येक वर्षं थांबवलं होतं. शिकवणार काय, आणि कोण? जुन्या पुस्तकांनीच हुतू-तुत्सी भेद पक्का केला होता, आणि शिक्षकांमध्ये वाचलेलेही होते, मारणाऱ्यांचे नातलगही. क्षमताधारित नवा अभ्यासक्रम 2015 मध्ये आला, त्यात चर्चा, चिकित्सा, साधनांची तुलना सगळं आहे. पण 2008 पासून वंशसंहाराच्या विचारसरणीविरुद्धचा कायदा आहे, त्याची व्याख्या फार सैल होती, नंतर ती दोनदा बदलली. त्यामुळे शिक्षक अधिकृत कथनाच्या रेषेबाहेर पाऊल टाकत नाही. प्रशिक्षणात चिकित्सा, परिणामात टाळणारा.

बोस्नियात तर काही ठिकाणी वेगवेगळ्या वांशिक गटांच्या मुलांसाठी एकाच इमारतीत दोन शाळा, दोन अभ्यासक्रम, दोन शिक्षक. मोस्तार शहरात विद्यापीठंसुद्धा दोन. 1992 मध्ये सुरू झालेली युरोक्लिओ ही इतिहासशिक्षकांची संघटना अशा भागांत सीमेपलीकडच्या शिक्षकांना एकत्र बसवून पाठ तयार करून घेते. नियमित प्रशिक्षणाबाहेर होणारं हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण तिथे समोरच्या बाजूचा शिक्षक प्रत्यक्ष शेजारी बसलेला असतो.

खडूफळा

तळटीप, ते तीन प्रकार फार उपयोगी. मी स्वतः "आवर घालणारा" आहे, आज नाव मिळालं.

पाठटाचण, तुमच्या हातात सराव पाठ आहेत म्हणून सुचवतो. पुढच्या तुकडीला नेहमीचं टाचण लिहू द्या, पण पाठ सुरू व्हायच्या आधी "विद्यार्थी" बनलेल्यांपैकी दोघांना चिठ्ठ्या द्या. प्रत्येकीवर एक अडचणीचा प्रश्न. छात्राध्यापकाला माहीत नसावं तो कधी येणार. गुण पाठाला नकोतच, त्या दोन मिनिटांना द्या.

पाठटाचण

करते. चिठ्ठ्यांवरचे प्रश्न मात्र मी लिहिले तर ते शिक्षिकेचे प्रश्न होतील. तुमच्यापैकी जे वर्गावर आहेत त्यांनी मुलांनी खरोखर विचारलेले प्रश्न इथे टाका. देश कुठलाही चालेल.

निळी_शाई

"मिस, गुलामगिरी बंद केली म्हणून आपण शाबासकी घ्यायची, तर सुरू केली त्याचं काय?" वय 13. मी तेव्हा "छान प्रश्न" म्हणून पुढे सरकले होते.

कोरा_कागद

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर: "लिहिलंय सगळे समान, आणि लिहिणाऱ्याकडेच गुलाम. मग पाठ कशाला करायचं?"

हिवाळी

"माझे आजी-आजोबा इथले नव्हतेच, मग हा इतिहास माझा कसा?" वर्गात नाझी काळ चालू असताना. परीक्षकांनी विचारला असता तर बरं झालं असतं, निदान उत्तराची तयारी केली असती.

अवांतरवाला

"सर, पुस्तकात एक आहे आणि बाबा वेगळंच सांगतात. परीक्षेत कुठलं लिहू?"

पाठटाचण

अवांतरवाला, हा पहिल्या चिठ्ठीवर. बाकीचे येऊ द्यात.